कृषी सल्ला : अमेरिकेतील पशुपालकांची भरपाई आणि आपल्या मेंढीच्या कानातला बिल्ला

प्रश्न : अमेरिकेत जनावर मेलं की सरकार बाजारभावाने पैसे देतं, दुष्काळात चाऱ्याचेही देतं, असं ऐकलं. खरं आहे का? मग आमचीच फाइल का अडते? (एक मेंढपाळ, माण तालुका)

उत्तर : दादा, बरंचसं खरं आहे. मात्र पूर्ण बाजारभाव तिथेही मिळत नाही. वादळ, पूर, कडाक्याची थंडी यांत जनावर दगावलं तर बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात. तेही दरवर्षी होणारी नेहमीची मरतूक वजा करून, वरच्या जनावरांचे. दुष्काळातल्या चाऱ्याची योजना वेगळी आहे. तिथे दर आठवड्याला दुष्काळाचा नकाशा निघतो. २०१४ च्या कायद्यातला नियम २०२५ पर्यंत असा होता, की चराईच्या हंगामात काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, सलग आठ आठवडे 'तीव्र दुष्काळ' या रंगात राहिली, की पशुपालक एका महिन्याच्या मदतीला पात्र ठरत. दुष्काळ वाढला तर महिनेही वाढतात. दुष्काळ जाहीर करा म्हणून मोर्चा काढावा लागत नाही. ही गोष्ट आपल्याकडेही यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या फाइलकडे येतो, पण साउथ डकोटा राज्यातून. २०१३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे आधी पाऊस झाला आणि मागोमाग सोसाट्याच्या वाऱ्यासह बर्फ कोसळला. गुरं अजून उन्हाळी कुरणांवर होती, अंगावर थंडीची दाट लव आलेली नव्हती. हजारो गाई-वासरं मेली. त्यातच निधी मंजूर न झाल्याने केंद्र सरकारचं कामकाज बंद होतं, शेती खात्याच्या काउंटी कार्यालयांना कुलूप होतं. भरपाईच्या योजनेची मुदतही २०११ मध्येच संपली होती. अर्ज द्यायचा कुणाला?

तेव्हा पशुपालकांना एकच सांगणं होतं : मेलेलं प्रत्येक जनावर मोजा, फोटो काढा, बिल्ले आणि खरेदी-विक्रीच्या पावत्या जपा, पशुवैद्याचा किंवा त्रयस्थ माणसाचा दाखला घ्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये नवा कायदा आला आणि योजना १ ऑक्टोबर २०११ पासून मागे जाऊन लागू झाली. अर्ज एप्रिलमध्ये सुरू झाले. तोवर कुरणावर काहीच उरलं नव्हतं. हातात होती ती तेव्हाची नोंद.

आपल्याकडे फाइल बहुतेक वेळा इथेच अडते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या मेंढी-शेळीला ४,००० रुपये, दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० आणि बैलाला ३२,००० रुपये आहेत. रक्कम तोकडी आहे, हे मी नाकारत नाही. पण १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर तीही मिळत नाही. कळप चाऱ्यासाठी दूर नेताना हा बिल्ला मारायचा राहून जातो, आणि वीज नेमकी तिकडेच पडते.

म्हणून यंदा वाटेला लागण्याआधी सगळा कळप जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, कोकरांसह. बिल्ल्यांचे नंबर वहीत उतरवून एक प्रत घरी ठेवा. जनावर दगावलं तर लगेच पुरू नका. ज्या गावाच्या शिवारात असाल तिथल्या तलाठ्यांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या. फोटो काढताना बिल्ल्याचा कान आणि नंबर स्वच्छ दिसू द्या.