१० हर्ट्झही 'हाय' आणि ३० मेगाहर्ट्झही 'हाय'

मिरजेहून पत्र लिहिणाऱ्या बारावीच्या मुलीस,

तुझी आत्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. तिच्याकडच्या 'हाय फ्रिक्वेन्सी' व्हेंटिलेटरवर १० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १० स्पंदनांचा) आकडा असतो. फिजिक्सचे सर मात्र सांगतात की हाय फ्रिक्वेन्सी म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ (एक मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख हर्ट्झ). दोघांपैकी बरोबर कोण, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की याच विषयात करिअर करायचं तर इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं, बायोमेडिकल घ्यावं की सोनोग्राफीचा कोर्स करावा?

दोघंही बरोबर आहेत. सर सांगतात तो रेडिओच्या एका पट्ट्याचा ठरलेला आंतरराष्ट्रीय हिशोब आहे, आपण ज्याला शॉर्टवेव्ह म्हणतो तो. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात, म्हणून हजारो किलोमीटरवरचं स्टेशन ऐकू येतं. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथे शेकडो मेगाहर्ट्झवर काम चालतं, त्यामुळे ३० मेगाहर्ट्झ तिथल्या लोकांना फारच कमी वाटेल. आत्याच्या वॉर्डात तुलना श्वासाशी असते. नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास घेतं. १० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ६०० स्पंदनं. प्रत्येक वेळी अगदी थोडी हवा आत जाते आणि फुप्फुस एका स्थिर दाबावर उघडं राहतं. कोवळी फुप्फुसं मोठ्या श्वासांनी ताणली जाऊ नयेत, यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून कुठेही 'हाय' वाचलंस की आधी विचार: कशाच्या मानाने? आणि लगेच दुसरा प्रश्न: लहर कसली आहे, आणि ती कशातून जाणार आहे? करिअर निवडताना मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ५ मेगाहर्ट्झची रेडिओ लहर ६० मीटर लांब असते. त्याच ५ मेगाहर्ट्झची ध्वनिलहर शरीरात जेमतेम ०.३ मिलिमीटरची. आकडा एकच, पण कामं किती वेगळी! सोनोग्राफीत पोटातले खोलवरचे अवयव बघायला साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (अंगावर टेकवून फिरवायचं उपकरण) लागतो, तर थायरॉइडसारख्या त्वचेजवळच्या गोष्टींसाठी ७ ते १५चा. फ्रिक्वेन्सी वाढवली की बारकावे दिसतात, पण लहर लवकर क्षीण होते आणि खोलवर पोचत नाही. गिअरचे दात इंडक्शनने, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवून, कडक करतानाही फ्रिक्वेन्सी वाढवली की उष्णता वरच्या थरातच राहते. ऑपरेशन थिएटरमधली कॉटरी (विजेने ऊती कापायचं, रक्तस्राव थांबवायचं उपकरण) काहीशे किलोहर्ट्झवर चालते, कारण इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या विजेला नसा आणि स्नायू प्रतिसाद देत नाहीत. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेने तेच करायला गेलं तर पेशंटला जीवघेणा शॉक बसेल.

आता सोनोग्राफीच्या कोर्सबद्दल, स्पष्टच सांगते. परदेशात बऱ्याच ठिकाणी डॉक्टर नसलेले सोनोग्राफर तपासणी करतात, म्हणून त्या करिअरचे व्हिडिओ तुला दिसतात. आपल्याकडे १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच, नोंदणीकृत केंद्रात करायची असते, आणि एरवीही सोनोग्राफी प्रामुख्याने रेडिओलॉजिस्टच करतात. तेव्हा प्रोब स्वतःच्या हातात हवा असेल तर रस्ता 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, एमबीबीएस आणि पुढे रेडिओलॉजी असा लांबचा आहे. कुणी सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर 'सोनोग्राफर' करून देतो म्हणाला, तर पैसे भरू नकोस.

पण तुझ्या पत्रात पेशंटबद्दल एक ओळ आहे, आणि 'हे मशीन आतून कसं चालतं' यावर पानभर. ते पान वाचून मी म्हणेन, इंजिनिअरिंगकडे जा. पदवीला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घे, बायोमेडिकल एम.टेक.ला ठेव. पदवीलाच बायोमेडिकल घेणं चूक नाही, पण सर्किट, सिग्नल, अँटेना यांचा पाया पक्का असला की पुढे दोन्ही दारं उघडी राहतात. आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एम.टेक. आहे, त्याला 'गेट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्याच परिसरात 'समीर' ही केंद्र सरकारची संस्था आहे. कॅन्सरच्या उपचारासाठी लागणाऱ्या लिनॅकवर (किरणोपचाराच्या मशीनवर), एमआरआयच्या तंत्रज्ञानावर तिथे काम होतं. १.५ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) एमआरआय सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे रेडिओचंच गणित रुग्णालयात.

माणसांशी बोलायची आवड असेल तर ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणाचं शास्त्र, तेही बघ. उतारवयात बहुधा वरच्या फ्रिक्वेन्सी आधी ऐकू येईनाशा होतात. 'स', 'श' निसटतात आणि आजोबा म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचेच्या क्षेत्रातली पदवी करता येते. मला हे क्षेत्र फार मोलाचं वाटतं आणि मुलं त्याकडे उगाच दुर्लक्ष करतात.

तुझ्याकडे गणित आणि बायोलॉजी दोन्ही आहेत, तेव्हा सीईटी दोन्ही ग्रुपची दे. आत्याला सांगून त्यांच्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल इंजिनिअरची भेट माग. व्हेंटिलेटर बंद पडला तर तो सगळ्यात आधी काय तपासतो, हे विचार, आणि ऐकताना तुला मजा आली की कंटाळा, ते मला कळव.