गावच्या पाझर तलावाच्या मातीच्या बांधातून पायथ्याशी पाणी झिरपतंय, बांध फुटेल का?

झिरपणारं पाणी नितळ असेल आणि त्याची धार वाढत नसेल तर घाबरू नका; गढूळ असेल तर मात्र आजच तहसीलदार आणि जलसंधारण विभागाला कळवा. मातीचा बांध थोडा पाझरतोच. आत काळ्या मातीचा गाभा, बाहेर मुरमाचं कवच आणि पायथ्याशी दगडांचा थर असतो तो झिरपणारं पाणी माती न नेता बाहेर पडावं म्हणून. गढूळ पाणी म्हणजे भरावाची माती आतून वाहून चालली आहे, पोकळी होते आहे. शेवटी बांध बसतो आणि फुटतो.

हेही बघा:
- माथ्यावर लांबट भेगा किंवा खचलेला भाग
- उतारावरची झाडं, घुशी-खेकड्यांची बिळं (रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २०१९ मध्ये फुटल्यावर मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, त्याची चेष्टा झाली, पण बिळं बुजवावीच लागतात)
- सांडव्यात (जादा पाणी बाहेर सोडायची वाट) गाळ किंवा झुडपं. पाणी माथ्यावरून गेलं तर मातीचा बांध टिकत नाही.

एक मात्र आहे: पाणी नितळ असलं, पण तलावाची पातळी न वाढता धार वाढत असेल, तर तोही धोकाच धरा.