जीपच्या चासीला रंग: ७ हजारांचा की ३४ हजारांचा?

अंबाजोगाईजवळच्या एका शेतकरी वाचकांचा प्रश्न आहे. घरची १९९६ सालची डिझेल जीप त्यांनी खोलली आहे, बॉडी उतरवली आहे, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, उघडी पडली आहे. रंगाचे तीन भाव आलेत. गावातला पेंटर तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि वर काळा ऑइलपेंट मारून देतो, ७,००० रुपये. लातूरच्या एमआयडीसीत सँडब्लास्टिंग (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने गंज काढणं), हार्डनर मिसळून मारायचा इपॉक्सी प्रायमर आणि वर काळा पीयू (पॉलीयुरेथेन रंग), १८,०००. वाळूजला पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून बसवणं), टेम्पोच्या भाड्यासकट ३४,०००. बॉडी परत चढवायची मजुरी १४,००० वेगळी. सोयाबीन मोंढ्यावर घालून ८०,००० हाती आहेत. त्यातले ३०,००० जानेवारीत मुलीच्या क्लासच्या हप्त्याला जाणार. पावडर कोटिंगसाठी घरातलं सोनं गहाण ठेवावं का, असं ते विचारतात.

दादा, सोनं कपाटातच राहू द्या. हप्त्याचे ३०,००० आजच बाजूला काढा. उरले ५०,०००. हिशेब एवढ्यावरच करायचा.

या ५०,००० वर आणखी एक हक्कदार आहे, तो तुमच्या पत्रात कुठेच नाही. खासगी गाडीची नोंदणी आधी १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. १९९६ ची गाडी म्हणजे २०२६ मध्ये तुमची पाळी. २० वर्षांपुढच्या हलक्या गाडीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे पंधराएक हजार कागदांसाठी राखून ठेवायलाच हवेत. गाडी नव्यासारखी झाली आणि पासिंगला पैसे नाहीत, अशी गत व्हायला नको. पावडर कोटिंग आणि मजुरी मिळून ४८,००० होतात. तो पर्याय इथेच बाद झाला.

आता स्वस्तातला बघू. ७ आणि १४, एकूण २१,०००. लातूरचं काम ३२,००० ला पडतं. फरक ११,००० चा. पण चासीचा रंग दाराच्या रंगासारखा सवडीने परत मारता येत नाही. गंज फुटला की बॉडी पुन्हा उतरवा, पुन्हा चढवा. समजा पाचएक वर्षांत ती वेळ आली, तर आजच्याच भावाने आणखी २१,००० गेले. आज वाचवलेल्या ११ हजारांसाठी हा धोका मला महाग वाटतो.

आणि ती वेळ येण्याची शक्यता बरीच आहे. तारेचा ब्रश वरचा गंज चकचकीत करतो, खड्ड्यांतला तसाच राहतो. ऑइलपेंटवर डिझेल-ऑइल सांडत राहिलं की तो मऊ पडतो. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही हे खरं, पण काळ्या रानातला चिखल चासीच्या सांध्यात एकदा बसला की कितीतरी दिवस ओल धरून ठेवतो. शेतावर जाणाऱ्या जीपचा पत्रा सडायला तेवढं पुरतं.

पावडर कोटिंग दिसायला देखणं असतं, त्यात वाद नाही. पण ते भट्टीत १८०-२०० अंशांना भाजून बसवतात. खडी लागून टवका उडाला की तेवढ्याच जागी पुन्हा करता येत नाही आणि आतून ओल सरकत राहते. पुढे कधी ब्रॅकेट वेल्ड करायचं तर तेवढं जाळावं लागणार. आणि त्यासाठी चासी दोनशेहून जास्त किलोमीटर न्यायची!

म्हणून लातूरचं काम करा. फक्त ठरवताना काही गोष्टी बोलून घ्या, कारण १८,००० ची खरी किंमत तिथेच वसूल होते. वेल्डिंग, तडे, ब्रेकचे पाइप बघणं, हे सगळं ब्लास्टिंगच्या आधी उरका. चासी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे जाड टेप लावून झाका. वाळूने अक्षरं झिजली किंवा रंगाने बुजली तर आरटीओत पेन्सिलने छाप घेताना उगाच संशय येईल. हा नंबर माझ्या मते रंगापेक्षा मोलाचा आहे. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर बसलाच पाहिजे, रात्रभर उघडं लोखंड राहिलं तर परत लाली धरते. प्रायमर-हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच, अंदाजपंचे नाही. इपॉक्सी उन्हात पांढुरका पडतो, म्हणून वरचा पीयू हवाच. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट असते. कोणी तोंडाला नुसता रुमाल बांधून मारत असेल तर तेवढं पुरत नाही, हे त्याला सांगा.

कोणी म्हणेल, रेड ऑक्साइड मारून वर इपॉक्सी मारू, मधला भाव पडेल. त्यात पडू नका. इपॉक्सीचा थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या येतात.

चासीच्या पोकळीत आतून ब्लास्टिंगची वाळू नीट पोहोचत नाही. रंग वाळल्यावर तिथे नळीने मेणाचं अँटीरस्ट मारून घ्या, त्याला १,५०० धरा. म्हणजे खर्च ३३,५००, आणि कागदांना १६,५०० उरतात. दिवाळीनंतरची ही कोरडी हवा कामाला उत्तम आहे. मे महिन्यात लोखंड इतकं तापतं की रंग नीट पसरण्याआधीच सुकतो, आणि पावसाळ्यात ओलीची भीती.

पैसे एकरकमी देऊ नका. ब्लास्टिंगला निम्मे द्या, बाकीचे प्रायमर आणि पीयूचे डबे तुमच्यासमोर फुटल्यावर. जीएसटीचं पक्कं बिल मागा, आणि डब्यांवरची नावं बिलात लिहून घ्या.