देवगडची पेटी आणि एमबीएचा प्रश्न

प्रश्न : मी देवगड तालुक्यातली, टी.वाय. बी.कॉम.ला आहे. आमची हापूसची साडेतीनशे कलमं आहेत. अर्धा माल वाशीला अडत्याकडे जातो, अर्धा मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना पेटीने. आता वाडीतल्या घराघरातून इन्स्टाग्रामवर आंबा विकतात आणि सगळ्यांच्या पेटीवर एकच मजकूर, ‘अस्सल देवगड हापूस’. आमची पेटी वेगळी कशी ठरणार? मार्केटिंगमध्ये एमबीए करू की डिजिटल मार्केटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स? बाबा म्हणतात, सरळ नोकरी बघ.

उत्तर : तुझ्या पत्रात दोन स्पर्धक एकत्र झालेत, ते आधी वेगळे करू. एक, कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपवणारा. दुसरा, तुझ्याच वाडीतला प्रामाणिक बागायतदार.

पहिल्याशी लढायचं हत्यार आहे. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे हे नाव त्या भागातल्याच फळाला लावता येतं. बाबांनी या मानांकनाचे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी केली आहे का, हे आजच विचार. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर लावायचे सांकेतिक क्रमांकाचे स्टिकरही आणले, म्हणजे फळ खरंच देवगडचं आहे का, हे गिऱ्हाईक स्वतः तपासू शकतं. हे सगळं जरूर करा. पण मानांकन सगळ्या गावाचं असतं. ते तुम्हाला बाहेरच्या मालापासून वेगळं करतं, शेजाऱ्यापासून नाही. शेजाऱ्यापासून वेगळं व्हायला स्वतःचं नाव लागतं. बागेच्या नावाचा ट्रेडमार्क घेता येतो, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. तोही घ्या, पण त्या नावामागे काहीतरी उभं हवं.

ते काय असावं, हे इन्स्टाग्रामवर सापडणार नाही, गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात सापडेल. पुण्यातल्या एखाद्या घरी पाच डझनांची पेटी उघडली की काय होतं? चार दिवस सगळे आंबे हिरवे, मग एकदम साठच्या साठ तयार. घरात माणसं तीन. त्यात एक कापला तर आत पांढरट, आंबूस झालेला गर, म्हणजे साका. गिऱ्हाईक भांडत नाही, पुढच्या वर्षी फोन करत नाही, एवढंच. आणि तुमच्याकडे तक्रारीची वही नसल्यामुळे गिऱ्हाईक का तुटलं, ते तुम्हाला कधी कळतच नाही.

आता इथेच काम कर. साका बाहेरून दिसत नाही, पण त्याची कारणं बऱ्यापैकी माहीत आहेत. फळ झाडावर जास्त पक्व झालं की धोका वाढतो, म्हणून जाणते बागायतदार चौदा आणे तयार, म्हणजे पूर्ण पक्व व्हायच्या जरा आधीचं, फळ देठासकट उतरवतात. जमिनीची धग फळाला लागते म्हणून कलमाखाली गवताचं आच्छादन करावं, असंही संशोधक सांगतात. बाबांना हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. ते पेटीपर्यंत पोहोचवणं तुझ्याकडे. पेटीत काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाक. अर्धी फळं दोन दिवसांत खाण्याजोगी, अर्धी आठवड्याने, अशी पेटी भरून बघ. साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवला की तेवढी फळं पुढच्या पेटीत जादा, हे आधीच छापून टाक. किती फळं जादा द्यावी लागली, याचा हिशेब ठेव; बी.कॉम. इथे कामाला येईल. आणि पेटीवर ‘कार्बाईडमुक्त’ ठळक लिहू नकोस. कार्बाईडने फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. असं लिहिणं म्हणजे वाण्याने दुकानावर ‘आम्ही काटा मारत नाही’ अशी पाटी लावणं.

आता शिक्षण. सहा महिन्यांचा डिजिटल कोर्स तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. जाहिरात कशी पोहोचवायची ते तो शिकवेल, पण काय सांगायचं ते तुलाच ठरवावं लागेल. शिवाय त्यातलं बरंचसं फुकट शिकता येतं. मार्केटिंगच्या सर्वसाधारण एमबीएपेक्षा कृषी-व्यवसाय व्यवस्थापन तुला जवळचं आहे. ग्रामीण व्यवस्थापनासाठी आणंदची इरमा आणि कृषी-व्यवसायासाठी पुण्याची वैमनिकॉम, या दोन जुन्या संस्था. दोन्हींची पात्रता आणि प्रवेश परीक्षा त्यांच्या संकेतस्थळावर नीट वाच, फी लाखांत आहे हेही लक्षात घे. पेट्यांच्या बांधणीत रस वाटला तर अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगची अल्पमुदतीची प्रशिक्षणं बघ. रायगडमध्ये किल्ला-रोहा इथे कोकण कृषी विद्यापीठाची काढणीपश्चात व्यवस्थापनाची संस्था आहे. तिथला अभ्यासक्रम तुझ्या पदवीसाठी नाही, पण बागेतल्या प्रश्नांसाठी जाऊन भेटायला काहीच हरकत नाही.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मोहोर, अवकाळी पाऊस, थ्रिप्ससारखी कीड या सगळ्यांनी एका वर्षात हिशेब पालटतात, हे त्यांनी सोसलंय. म्हणून त्यांच्याकडे पूर्ण बाग मागू नकोस. येत्या हंगामात फक्त पन्नास पेट्या तुझ्या नावावर माग, आणि वाशीला गेलेल्या मालाच्या हिशेबाशेजारी त्यांचा हिशेब मांड. हंगाम मे अखेर उरकतो, एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या ‘कॅट’ या प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये निघतात. म्हणजे फॉर्म भरायचा की नाही, हे ठरवायला जून-जुलै तुझ्या हातात आहेत, आणि तेव्हा समोर वहीही असेल.