आईचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलंय, म्हणजे स्नायू झिजलेत का?

एवढ्यावरून तसं धरू नका. अल्ब्युमिन यकृत, मूत्रपिंड किंवा शरीरातल्या दाहामुळंही (इन्फ्लमेशन) उतरतं. त्यातल्या त्यात क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन-सी यांचं गुणोत्तर कामाचं; किडनीचं काम तपासायला हे दोन्ही पदार्थ रक्तात मोजतात. क्रिएटिनिन मुख्यतः स्नायूंतून येतं, सिस्टॅटिन-सी शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींतून. स्नायू घटले की गुणोत्तर खाली येतं. (म्हणूनच वयस्कर माणसाचं क्रिएटिनिन कमी दिसलं की किडनी झकास, असंही समजू नये.)

पण खरी पारख ताकदीची. हाताचा आधार न घेता त्यांना खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला सांगा, तुम्ही शेजारीच उभे राहा. स्नायूंच्या झिजेसाठीच्या 2019 च्या आशियाई निकषांप्रमाणे 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवायला हवं. खानापुरात आमच्या आजीच्या पाटल्या कोपराकडे सरकू लागल्या, चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागे. आम्ही ‘वय झालं’ म्हणत राहिलो, त्याची हळहळ अजून आहे.

तुम्ही निपाणीत आहात, हुलगे घरात असतीलच. चहा-बटरवर दिवस काढू देऊ नका. हुलग्याचं माडगं, दूध, चालत असेल तर अंडं द्या. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं किती, हे आधी डॉक्टरांना विचारा.