चित्रपट आणि गेमसाठी संगीत : एका आईच्या पत्राला उत्तर

महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र आणि सोबत पाठवलेल्या मुलीच्या नऊ रचना मिळाल्या. सतरा वर्षांची आपली मुलगी आठ वर्षांपासून की-बोर्ड शिकते आहे, मोकळा वेळ सगळा संगणकावर ट्रॅक रचण्यात घालवते आणि चित्रपट व व्हिडिओ गेमसाठी संगीत देणे हाच व्यवसाय करायचा, असे तिने घरी सांगून टाकले आहे. हा खरोखर पोट भरण्याजोगा व्यवसाय आहे का, त्यासाठी पदवी लागते का, आणि यंत्रच संगीत रचू लागले असताना तिला या वाटेने जाऊ द्यावे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी नऊही रचना दोनदा ऐकल्या. तिच्या कानाबद्दल मला शंका नाही. मात्र त्यातल्या सात रचना दीड मिनिटाच्या आसपास अर्धवट सुटून जातात, आणि एकही रचना एखाद्या दृश्यासाठी केलेली नाही. पदवी, पैसा आणि यंत्र या तिन्हींपेक्षा मला या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात, म्हणून आधी त्यांविषयी लिहितो.

चित्रपटाचे संकलन बहुतांशी झाले की संगीतकार दिग्दर्शकाबरोबर बसून संपूर्ण चित्रपट पाहतो आणि संगीत कुठे सुरू व्हावे, कुठे थांबावे, कुठे मुळीच नसावे हे ठरवतो. याला स्पॉटिंग म्हणतात. समजा, एक स्त्री पाकीट उघडते आणि संगीत सुरू झाल्यापासून बरोबर साडेसतरा सेकंदांनी तिची नजर पत्रातल्या एका ओळीवर थबकते. मिनिटाला १२० ठोके अशी लय धरली, तर साडेसतरा सेकंदांत ३५ ठोके होतात, म्हणजे चार ठोक्यांची आठ आवर्तने आणि वर तीन ठोके. तो क्षण समेवर न येता तिच्या एक ठोका आधी येतो. आता संगीतकाराने लय किंचित वाढवून १२३.४ करावी, की नववे आवर्तन तीनच ठोक्यांचे ठेवावे, की त्या क्षणी काहीही न वाजवता नजर शांततेतच थबकू द्यावी? हा निर्णय घेणे हेच त्याचे काम आहे. चाल सुंदर असणे ही त्यातली पहिली पायरी झाली.

दुसरी कठीण गोष्ट म्हणजे टेम्प ट्रॅक. संकलन चालू असताना दुसऱ्याच कोणाचे तरी संगीत तात्पुरते लावलेले असते आणि ते ऐकून ऐकून दिग्दर्शकाच्या कानात बसते. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी रचलेले आणि ध्वनिमुद्रितही झालेले संगीत दिग्दर्शक स्टॅनले कुब्रिक यांनी वापरले नाही, आधीपासून निवडलेल्या अभिजात रचनाच कायम ठेवल्या. नॉर्थ हे तेव्हा नवखे नव्हते, नावाजलेले संगीतकार होते. आपल्या मुलीचे संगीतही अनेकदा नाकारले जाईल, आणि चांगले असूनही नाकारले जाईल. अशा वेळी दुसऱ्या दिवशी नव्या तुकड्यासह पुन्हा बसण्याची तयारी तिच्यात आहे का, हे अजून तिलाही माहीत नसावे.

गेमचे संगीत ही याहून निराळी विद्या आहे, आणि माझ्या मते तिच्यासारख्या संगणकात रमणाऱ्या मुलीला ती अधिक मानवेल. चित्रपटातला क्षण ठरलेला असतो. गेममध्ये खेळणारा एका दारापाशी दहा सेकंद थांबेल की वीस मिनिटे, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून संगीत थरांमध्ये रचतात. खाली एक शांत थर फिरत राहतो, शत्रू जवळ आला की तालवाद्यांचा थर चढतो, धोका टळला की तो उतरतो, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना आवर्तन पूर्ण होईपर्यंत थांबायचे की मध्येच उडी घ्यायची, हेही आधी ठरवून ठेवावे लागते. या विचाराचे बीज जुने आहे : १९७८ सालच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ या गेममध्ये चारच खर्ज सूर होते, पण आक्रमण जसजसे तीव्र होई तसतसे ते जलद होत, आणि खेळणाऱ्याचा श्वासही त्याबरोबर चढे. आज हे थर जोडण्याचे काम वाइज आणि एफमॉड या सॉफ्टवेअरमध्ये होते. शिकणाऱ्यांना दोन्ही विनामूल्य वापरता येतात. तिने यातले एक या वर्षीच शिकायला घ्यावे, कारण रचना करून ती स्वतः गेममध्ये बसवून देणारा संगीतकार लहान संघांना फार उपयोगी पडतो.

पोट भरते का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की भरते, पण उशिरा, आणि बहुतेकांचे केवळ रचनेवर भरत नाही. वाद्यमेळाचे संयोजन, संगीत संकलन, ध्वनिरचना, ज्येष्ठ संगीतकाराकडे साहाय्यक म्हणून काम, जाहिराती, शिकवणी अशी कामे सुरुवातीची अनेक वर्षे सोबत चालतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. इटलीचे नामवंत चित्रपट-संगीतकार एन्नियो मोरिकोने हे आधी संयोजक म्हणून काम करत होते, आणि ए. आर. रहमान यांनी १९९२ साली चित्रपट-संगीतकार म्हणून पुढे येण्यापूर्वी इतरांकडे की-बोर्ड वाजवला, जाहिरातींचे संगीत केले. मानधनाच्या बोलणीत मात्र तिने पहिल्या दिवसापासून लेखी करार मागावा. ठरलेल्या रकमेतच वादकांचा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च धरला आहे का, किती वेळा बदल करून द्यायचे, हक्क कोणाकडे राहणार, नाकारलेला तुकडा पुन्हा वापरता येईल का आणि श्रेयनामावलीत नाव कसे येईल, एवढे त्यात असले पाहिजे. ओळखीतले काम आहे म्हणून करार टाळणारे आणि पुढे ती ओळखही गमावून बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

पदवीची सक्ती कोणी करत नाही. काम देणारा आधी शोरील, म्हणजे निवडक कामाचा नमुना, ऐकतो. तरीही स्वरलेखन वाचणे, वाद्यांच्या मर्यादा ओळखणे, वादकांसमोर उभे राहून आपले म्हणणे दोन वाक्यांत सांगणे हे एकट्याने घरी शिकणे अवघड आहे, म्हणून मी शिक्षणाच्या बाजूने आहे. संस्था निवडताना एक गोष्ट जरूर पाहावी : त्याच आवारात चित्रपट किंवा गेम घडवणारे विद्यार्थी आहेत का? नव्या संगीतकाराला पहिली कामे बहुधा त्याच्याच वयाच्या दिग्दर्शकांकडून आणि गेम बनवणाऱ्यांकडून मिळतात, आणि ती माणसे पुढे सरकली की त्यालाही सोबत नेतात. तशी संस्था आवाक्यात नसेल, तर दुसऱ्या विषयाची पदवी घेत हे काम चालू ठेवणेही चांगलेच. प्रोग्रॅमिंग येणारी संगीतकार तर दुहेरी उपयोगाची ठरेल. मोठे कर्ज काढून पदवी घेणे, किंवा पहिल्याच वर्षी महागड्या सॅम्पल लायब्रऱ्या (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांचे संच) विकत घेणे, यांपैकी काहीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

यंत्राविषयीची आपली चिंता खरी आहे आणि मी ती पुसून टाकणार नाही. कोणत्याही व्हिडिओखाली चालेल असे साधारण पार्श्वसंगीत यंत्र आजच रचते, त्यामुळे त्या प्रकारच्या कामावर भविष्य उभारू नये. मात्र ‘इथे भीती नको, संकोच हवा’ असे म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला नेमके काय हवे आहे हे त्याच्याशी बोलून ओळखणारा माणूस लागतोच, असे मला या क्षेत्रातल्यांशी बोलून वाटते.

पुढच्या तीन महिन्यांसाठी तिला दोन कामे सांगावीत. पहिले, एखाद्या विद्यार्थ्याच्या लघुपटाला संगीत द्यावे आणि त्याने सुचवलेले बदल वाद न घालता करून पाहावेत. दुसरे, एका गेम जॅममध्ये संघासह उतरावे. २००९ पासून दरवर्षी होणाऱ्या ग्लोबल गेम जॅमसारख्या उपक्रमांत अनोळखी माणसे एकत्र येऊन थोडक्या दिवसांत छोटा गेम उभा करतात, आणि तिथे रचना अर्धवट सोडून देण्याची सोय नसते. दोन्ही झाल्यावर तिने मला स्वतः पत्र लिहावे, आणि लघुपटात वापरलेल्या संगीताबरोबर दिग्दर्शकाने नाकारलेली पहिली आवृत्तीही पाठवावी. पदवीचा निर्णय आपण त्यानंतर घेऊ.

आपला,
करिअर मार्गदर्शक