शहीद द्वीप (नील आयलंड): चार तास की दोन मुक्काम? आधी ओहोटीची वेळ बघा

प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत अंदमानची सहा रात्रींची सहल, सोबत ७० वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. टूरवाल्याने नीलला सकाळी उतरवून दुपारच्या बोटीने परत असा चार तासांचा बेत दिला आहे. तो पुरेल की तिथे राहावं, आणि राहिलं तर करायचं काय?

राहा, दोन रात्री राहा. बेट लहान आहे, जेमतेम चौदा चौरस किलोमीटर, आणि रिक्षात बसलं की तासाभरात सगळे किनारे नजरेखालून जातात. चार तासांचा बेत त्याच जोरावर खपवला जातो. पण इथल्या दोन मुख्य गोष्टींना समुद्राच्या उलटसुलट वेळा लागतात. लक्ष्मणपूर २ या किनाऱ्यावरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो, आणि भरतपूरच्या किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचे मासे बघणं) करायचं तर अंगाखाली पाणी हवं, म्हणजे भरतीच्या बाजूची वेळ हवी. ओहोटी आणि भरती यांत सहा तासांचं अंतर असतं. चार तासांत दोन्ही नीट होणं शक्यच नाही. पूल पाण्यात बुडालेला बघून किंवा भरतपूरला गुडघाभर पाण्यात पोट खरवडून लोक परततात आणि बेटाला नावं ठेवतात, ते यामुळे.

म्हणून हॉटेलच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. पोर्ट ब्लेअरचं बघायचं (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजय पुरम आहे, पण बरीच कोष्टकं अजून जुन्या नावानेच सापडतात). नील तिथून समुद्रमार्गे चाळीसेक किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे वेळा जवळपास त्याच धरून चालतात. कोकणातल्या मंडळींना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानला लावू नका. प्रत्येक बंदराचं घड्याळ वेगळं असतं. उधाण (पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा) आणि भांग (चढउतार सर्वांत कमी) मात्र तिथेही तिथीप्रमाणेच: अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एकदोन दिवस उधाणाचे, सप्तमी-अष्टमीच्या पुढचे भांगाचे.

कोष्टकात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. नुसती ओहोटीची वेळ बघून भागत नाही, पाणी किती खाली जाणार तेही बघावं लागतं. उधाणात ओहोटीचा आकडा साधारण अर्ध्या मीटरच्या खाली उतरतो आणि पुलाभोवतीचा खडक लांबपर्यंत उघडा पडतो. भांगात तो मीटरभराच्या आसपास रेंगाळतो, मग ‘ओहोटी’ असूनही वाटेत पाणी राहतं. अंदमानात उधाणाचा चढउतार दोनेक मीटरचा असतो, मुंबईच्या साधारण निम्मा. त्यामुळे अर्ध्या मीटरचा फरकसुद्धा तिथे खूप ठरतो. तारखा अजून हातात असतील तर पुलासाठी उधाणाचे दिवस चांगले, स्नॉर्केलिंगसाठी भांगाचे, कारण तेव्हा ओढ कमी असते आणि पाणीही जास्त स्वच्छ राहतं. दोन्हींचा मध्य साधायचा असेल तर पौर्णिमेनंतरचा तिसरा-चौथा दिवस धरा.

वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. समजा, पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ८ ला आहे. साडेसहाला पुलाकडे निघा, साडेआठला परत फिरा, नाश्ता करा आणि ११ ते २ भरतपूर. ओहोटी दुपारी १ ला असेल तर उलटं: सकाळी स्नॉर्केलिंगचं काउंटर उघडल्या उघडल्या भरतपूर, बाराच्या सुमारास पूल, आणि डोक्यावर टोपी हवीच, कारण खडकावर सावली मिळत नाही. ओहोटी दुपारी ४ च्या आसपास असली तर उत्तमच. तीनला पूल बघून तसंच जवळच्या लक्ष्मणपूर १ ला सूर्यास्ताला जाता येतं.

पुलाकडे जाताना ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचा आणि ओहोटीची वेळ उलटल्यावर अर्ध्या तासात परतीला लागा. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. पहिला तास काहीच हलत नाही असं वाटतं, फोटो काढत लोक थांबतात, आणि तिसऱ्या तासात पाणी भराभर भरू लागतं. तेव्हा खडकांमधली येण्याची वाट आधी जाते.

बेटावर वस्ती केलेल्या पूर्व बंगालच्या निर्वासितांनी या पुलाला हावडा ब्रिज म्हणायला सुरुवात केली. गावांची नावं मात्र रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीच्या खडकाची ही कमान लाटांनी खालून पोखरून तयार झाली आहे. कमानीइतकीच, माझ्या मते कमानीपेक्षाही जास्त, बघण्यासारखी आहेत ती आजूबाजूच्या खडकांत साठलेली डबकी. सगळे धावत कमानीखाली फोटोला जातात. तुम्ही मुलाला घेऊन एका डबक्याशी उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि दोन मिनिटं हलू नका. आधी नुसता दगड आणि शेवाळ दिसतं. मग शंख चालायला लागतो, कारण आत एकांडा खेकडा असतो. कपारीतून ठिसूळ ताऱ्याचे (ब्रिटल स्टार, तारामाशासारखा प्राणी) केसाळ हात बाहेर येतात. काळ्या दोडक्यासारखी पडलेली वस्तू म्हणजे समुद्री काकडी. निळ्या-जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला सावली पडताच मिटतो. नशीब असेल तर रंग बदलणारं लहानसं ऑक्टोपसही दिसतं. तिथे स्थानिक वाटाडे मिळतात आणि त्यांची नजर तयार असते, तेव्हा एकाला अवश्य घ्या. फक्त आधीच सांगा की प्राणी उचलून हातात देऊ नका. समुद्री काकडी हाताळली की घाबरून आतडी बाहेर टाकते, आणि दिवसाला पन्नास हातांतून गेलेला जीव टिकत नाही.

शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख दिसला तर तो कुणीही उचलायचा नाही. त्यातली गोगलगाय विषारी दंश करते आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात टाकू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते पकडले जातात.

पायात मागून पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल किंवा पाण्यातले बूट हवेत. साध्या चपला शेवाळावर सटकतात आणि कपारीत अडकून निघतात. अनवाणी तर नकोच, प्रवाळाने कापलेली जखम चिघळते. कापलंच तर गोड्या पाण्याने चोळून धुवा, बारीक कण काढा आणि जंतुनाशक लावा. सासूबाईंना या खडकांवर नेऊ नका. चालण्याची सवय असली तरी इथे प्रत्येक पाऊल तिरकं पडतं. पुलाकडची वाट सुरू होते तिथे शहाळी-चहाच्या टपऱ्या असतात, तिथे त्या निवांत बसतील.

भरतपूर जेट्टीला लागूनच आहे. तिथे सासूबाईंसाठी काचेच्या तळाची बोट आहे, पण बोटीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, म्हणून साडीपेक्षा सलवार बरी. ही बोटही भरतीच्या बाजूलाच घ्या, उथळ पाण्यात ती प्रवाळावर नीट फिरू शकत नाही. जेट स्की वगैरे आहे, हौस असेल तर करा.

स्नॉर्केलिंगला मात्र वेळ द्या. भाड्याचा मास्क मिळेल तो घेऊ नका. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत घ्या. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तरच तो तुमच्या मापाचा. कपाळावरचे केस कडेखाली अडकले की पाणी शिरतं. मिशी असेल तर वरच्या ओठावर थोडं व्हॅसलिन लावा. पट्टा करकचून आवळल्याने गळती वाढते, कारण रबराची कड वाकते. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून एकदा विसळा. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि तोंडानेच श्वास घ्यायचा पाच मिनिटं सराव करा. नळीत पाणी गेलं तर ‘थू’ करून जोरात फुंकायचं, डोकं वर काढायची गरज नसते. मुलाला हे आधी हॉटेलवर बादलीत शिकवा, तिथे जमलं की समुद्रात भीती वाटत नाही. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालावं, आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा. पाण्यात थंड वाटतं आणि पाठ व पोटऱ्या भाजून निघतात.

एक अपेक्षा ठेवू नका: किनाऱ्याजवळ रंगीबेरंगी प्रवाळांची बाग. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापून अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि उथळ भागात त्याचा मार अजून दिसतो. मासे मात्र भरपूर आहेत. उभं राहायचं झालं तर वाळू बघूनच पाय टेका, प्रवाळावर कधीच नाही.

स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी) मुलाला करता येणार नाही, किमान वय दहा आहे. तुम्ही दोघं पहिल्यांदाच करणार असाल तर प्रशिक्षकाबरोबर कमाल १२ मीटरपर्यंत नेतात. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. सर्दी असेल त्या दिवशी उतरू नका. कानातला दाब नाक दाबून हलकी फुंकर मारत मोकळा करायचा असतो, तोही दुखायला लागण्याआधी, दर मीटरभराला. सर्दीत ते होत नाही आणि पडद्याला इजा होते. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या तर १८ तास विमानात बसायचं नसतं. म्हणून स्कूबा परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

घड्याळाचा एक घोळ नेहमी होतो. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण वेळ भारताचीच. जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो, पुण्या-मुंबईपेक्षा तास-दीड तास आधी. लक्ष्मणपूर १ ला साडेचारपर्यंत पोचा. सूर्योदयाला सीतापूरचा किनारा जेट्टीपासून पाचेक किलोमीटरवर आहे, पाचला रिक्षा दारात हवी, म्हणजे रात्रीच सांगून ठेवा. सीतापूर बघायला सुंदर आहे, पण तिथे पोहू नका, लाटा आणि खडक दोन्ही आहेत. कुठल्याही किनाऱ्यावर मगरीचा फलक किंवा जीवरक्षकाची शिट्टी असेल तर पाण्यात पाय घालू नका. २०१० मध्ये शेजारच्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) राधानगरसारख्या गर्दीच्या ठिकाणी मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला आहे.

पहाटे आणि संध्याकाळी वाळूमाश्या चावतात. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि खाजवलं की फोड येतात. वाळूवर थेट बसू नका, पाय झाका, उघड्या त्वचेवर खोबरेल तेलाचा जाडसर थर द्या. कॅलामाइन सोबत असू द्या.

जेवणाची चिंता नको. बेटावर शेती चांगली आहे आणि भाजी ताजी मिळते. बाजारातल्या लहान खानावळींत डाळ-भात-भाजीची थाळी असते. स्वयंपाक बंगाली पद्धतीचा असल्याने सासूबाईंना मोहरीच्या तेलाचा वास चालत नसेल तर आधी सांगा. रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, मोबाइलच्या रेंजवर पैसे देण्याचा भरवसा धरू नका.

आता क्रम. पोर्ट ब्लेअर एक रात्र, हॅवलॉक दोन, नील दोन, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र कुणी काहीही म्हटलं तरी सोडू नका. नीलच्या बोटीने येऊन त्याच दुपारचं विमान हा बेत हवा बिघडली की कोसळतो. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो, पण एक फेरी रद्द व्हायला वादळच लागतं असं नाही. सेल्युलर जेल याच शेवटच्या दिवसासाठी ठेवा. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, ती कोठडी घाईत बघायची जागा नाही.

हॅवलॉकहून नीलला खासगी बोटीने सुमारे तास लागतो. सासूबाईंना मधल्या किंवा मागच्या भागातली, खालच्या मजल्यावरची जागा घ्या, पुढचं टोक जास्त आपटतं. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्यायची, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. नीलची जेट्टी लांब आहे आणि उन्हात चालावं लागतं, म्हणून चाकांची एकच बॅग नीलला न्या आणि बाकी सामान पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवा. शेवटची रात्र तिथेच असल्याने ते ठेवून घेतात.

तुमच्या तारखा इथे लिहा. कोष्टक बघून कोणत्या दिवशी पूल आणि कोणत्या दिवशी भरतपूर, ते तासांसकट सांगतो.